नवा कॅमेरा, १८-५५ लेन्स आणि ऑटो मोड: इथून पुढे काय?

उजेड

दिवाळीचे सेल संपले की इथे एक प्रश्न हमखास येतो. 'कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ मिमीची झूम लेन्स आली, पण फोटो मोबाइलपेक्षा बरे येत नाहीत. लेन्स बदलू का?' दरवेळी सुटी उत्तरं देण्यापेक्षा एका जागी लिहितोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे हटकावं.

उत्तर आधीच देतो: लेन्स बदलू नका, निदान इतक्यात नको. मोबाइल एका टिचकीत चार-सहा फोटो काढून एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो, रंग चढवतो. कॅमेरा यातलं फारसं काही करत नाही, ते काम तुमच्यावर सोडतो. तो ऑटोवर ठेवला तर धड मोबाइलची हुशारीही नाही आणि कॅमेऱ्याचा ताबाही नाही.

शिकायचं पहिलं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, एक घटला की निम्मा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून वाचायचा) तिन्ही याच मापात मोजतात, म्हणून एकाची भरपाई दुसऱ्यातून करता येते.

ॲपर्चरचे पूर्ण स्टॉप असे: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडे विचित्र वाटतात, पण कारण सरळ आहे. एफ-आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा, १८-५५ हा तोच) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमी लेन्सवर एफ/२ला छिद्र २५ मिमीचं, एफ/४ला १२.५ मिमीचं. उजेड मात्र व्यासावर नाही, छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो. त्यामुळे उजेड निम्मा करायला व्यास निम्मा करावा लागत नाही, १.४ने भागावा लागतो. आकडा वाढला की छिद्र लहान होतं, हेही त्यातूनच आलं.

आता आयएसओ १००, एफ/८, शटर १/२५० सेकंद हा एक फोटो घ्या. एफ/५.६ आणि १/५०० ठेवलं तरी तेवढाच उजळ, एफ/११ आणि १/१२५ ठेवलं तरी तेवढाच उजळ. पण पहिल्यापेक्षा दुसऱ्यात पार्श्वभूमी जास्त धूसर होते आणि हालचाल जास्त गोठते, तिसऱ्यात उलट. यातलं काय हवंय हे तुम्ही ठरवायचं, बाकीची आकडेमोड कॅमेऱ्याला करू द्यायची. म्हणून पहिल्याच संध्याकाळी एवढं करून ठेवा:

मोडची चकती 'ए'वर (कॅननवर 'एव्ही'), म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. ऑटो आयएसओ चालू, कमाल मर्यादा ६४००, किमान शटर १/१२५. कॅननच्या काही स्वस्त बॉडींवर (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) किमान शटरची सोय नसते, तिथे माणसांचे फोटो 'टीव्ही' मोडवर (शटर तुम्ही ठरवायचं, ॲपर्चर कॅमेरा) १/१२५ला काढा. फोकस एकाच बिंदूवर, कारण सगळे बिंदू मोकळे सोडले की कॅमेरा जवळची वस्तू धरतो आणि जेवणाच्या पंगतीत चेहऱ्याऐवजी पाण्याचा जग नेमका येतो. रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवा. जळलेला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील पुसला गेलेला पांढरा भाग लुकलुकून दाखवणारी चेतावणी चालू करा.

घरात एफ/४च्या आसपास किंवा झूम देईल तितकं मोठं छिद्र, बाहेर निसर्गासाठी एफ/८. १८ मिमीला एफ/८वर साधारण दोन मीटरवरच्या दगडावर फोकस केलात, तर एपीएस-सी सेन्सरवर (अशा कॅमेऱ्यांतला नेहमीचा, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. गडावरून दरी टिपताना समोरच्या डोंगरावर फोकस करून पायापाशची फुलं घालवायची गरज नाही. एफ/२२पर्यंतही जाऊ नका. इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो.

खटका

लेख चांगला, पण 'ए' मोड आणि वर ऑटो आयएसओ याला माझा विरोध. दोन वर्षं कॅमेरा वापरणाऱ्यांना 'शटर किती होतं?' विचारलं की कॅमेऱ्याच्या मागे बघावं लागतं. पहिला महिना फक्त मॅन्युअल. बोटं भाजल्याशिवाय भाकरी येत नाही.

उजेड

@खटका, मॅन्युअलवर नवखा माणूस काय करतो ते पाहा. मीटरची (कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाची) सुई शून्यावर येईपर्यंत चकती फिरवतो. 'ए' मोड नेमकं तेच करतो, फक्त क्षणात. सुई शून्यावर आणणं म्हणजे एक्स्पोजर (फोटोला किती उजेड द्यायचा) समजणं नव्हे.

मॅन्युअलची खरी गरज कुठे? उजेड स्थिर आहे आणि समोरची वस्तू बदलतेय तिथे. रंगमंचावर एकच दिवा आणि पात्रं कधी काळ्या, कधी पांढऱ्या कपड्यांत. जोडून पॅनोरमा करायचे फोटो. स्टुडिओतला फ्लॅश. चंद्र: त्याच्यावर थेट ऊन पडलेलं असतं, म्हणून पौर्णिमेच्या आसपास एफ/११ आणि शटर १/आयएसओ इथून सुरुवात करा. ऑटोवर सभोवतालचं काळं आभाळ पाहून कॅमेरा चंद्राची पांढरी टिकली करतो.

खटका

सुईचा मुद्दा मान्य. तरी एक अभ्यास मॅन्युअलवरच करावा, तासाभराचा आहे.

खिडकीशेजारी तांब्या ठेवा. थेट ऊन नको. कॅमेरा टेबलावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा हिसका बसणार नाही. आयएसओ ४००, एफ/५.६. शटर १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० असे चार फोटो. मग शटर १/६०वर ठेवून ॲपर्चर ५.६, ८, ११, १६. दोन्ही ओळी शेजारी लावून पाहा. चौकटीचा उजळपणा जोडीजोडीने जुळेल, पण दुसऱ्या ओळीत मागची भिंत हळूहळू रेखीव होत जाईल. मग तेच रॉ संगणकावर उघडून सगळ्यात काळा फोटो तीन स्टॉप उजळा, त्यातला दाणेदारपणा सावलीच्या भागात कसा वर येतो ते दिसेल. दाणे उजेड कमी पडल्याने येतात. आयएसओ वाढवणं म्हणजे मिळालेला तुटपुंजा उजेड मोठ्याने वाचणं.

नवखा_पुणेकर

खूप उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझ्या दोन शंका. (१) घरात ५५ मिमीला मुलांचे फोटो हलतात, लेन्सवरचं व्हीआर (हाताचा हिसका सावरणारी सोय) चालू असूनही. (२) वारीत काढलेल्या फोटोंत धोतर-टोपी राखाडी आणि चेहरे काळपट आलेत. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल का?

सावली

बिघाड नाही. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल त्याची सरासरी मध्यम राखाडी आली पाहिजे एवढंच त्याला ठाऊक. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो दाबतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमी-जास्त करण्याची सोय) +२/३ ते +१ द्या. काळ्या पाषाणातली मूर्ती किंवा लेण्यांतला कातळ असला तर उलट −१, नाहीतर काळा दगड सिमेंटचा दिसतो. नियम सोपा: पांढऱ्याला वाढवा, काळ्याला घटवा. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिलात की नेमकं उलटं होतं.

पण वारी बहुतेक कडक उन्हात नाहीतर भरून आलेल्या आभाळाखाली. उन्हात +१ दिलं की टोपीचं कापड जळेल. लुकलुकणारी चेतावणी पाहा. टोपीच्या कडेचा एखादा ठिपका लुकलुकला तर चालेल, अख्खी टोपी लुकलुकली तर १/३ने खाली या. रॉमध्ये सावलीतला चेहरा दोन स्टॉप उचलता येतो, जळलेल्या टोपीची वीण मात्र परत येत नाही. ढगाळ दिवशी आभाळ चौकटीबाहेर ठेवा. दिवे घाटात वरून खाली पाहत काढलेले फोटो बरे येतात त्याचं एक कारण हेच, पांढरं आभाळ मध्ये येत नाही.

आता हललेले फोटो. हलणं तीन प्रकारचं असतं आणि उपाय तीन वेगळे. फोटो पूर्ण मोठा करून पाहा.

अख्खी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते: हात हलला. शटर किमान १/(फोकल लेंग्थ × १.५) हवं, कॅननला १.६. ५५ मिमीला १/८०, सुरक्षित म्हणून १/१००.

मागचं कपाट स्पष्ट, मुलाचा हात फराटा: मूल हललं. इथे व्हीआरचा काही उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, मुलाला नाही. बसलेल्या माणसाला १/१२५, खेळत्या मुलाला १/२५०, धावणाऱ्याला १/५००, उडत्या पक्ष्याला १/२०००.

काहीच ओढलेलं नाही, पण नाकाऐवजी कान रेखीव: फोकस चुकला. बिंदू जवळच्या डोळ्यावर सरकवा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग चौकट फिरवू नका, कारण फिरवताना फोकसचं प्रतल डोळ्यावरून घसरतं.

१८-५५ लेन्स १८ला एफ/३.५ देते, ५५ला एफ/५.६. हा जवळपास दीड स्टॉपचा फरक. म्हणून घरात ३५ मिमीला या आणि दोन पावलं पुढे जा. त्याहून मोठी कमाई खिडकीपाशी आहे. खिडकीपासून एक मीटरवर आणि तीन मीटरवर उजेडात दोन-तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. मूल खिडकीकडे वळवा आणि घरातले दिवे चक्क बंद करा. कमी उजेडात दिवे बंद करायला सांगणं वेडेपणा वाटेल, पण खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा असे दोन उजेड एका चेहऱ्यावर पडले की कुठलाही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक काढण्याची सोय) दोघांना एकदम सावरू शकत नाही.

पडघम

गणपती आणि ढोलपथकांचे फोटो काढणाऱ्यांसाठी भर.

मंडपातल्या एलईडीखाली फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, १/५०० शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की मंद-तेजचं पूर्ण आवर्तन आत येतं आणि पट्टे जातात. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर 'सायलेंट' म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं, प्रत्येक ओळीला दिव्याची वेगळी अवस्था मिळते आणि पट्टे ठळक होतात. यांत्रिक शटर लावा. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. इतकं करूनही रंग बदलणाऱ्या माळा आणि मोठे एलईडी पडदे त्रास देतात, कारण त्यांचा लुकलुकण्याचा वेग विजेच्या वेगाशी बांधलेला नसतो. तिथे शटर थोडं मागेपुढे करून पडद्यावर बघणं एवढाच उपाय.

१/१००ला ढोलाचं टिपरू हलणारच. हलू द्या. हात वर जाऊन खाली वळतो तेव्हा तो क्षणभर थांबतो, खटका त्या क्षणी दाबा. ठेका कानावर पडतच असतो, दोन आवर्तनं ऐकली की अंदाज येतो. चेहरा रेखीव आणि टिपऱ्याला किंचित फराटा हा फोटो १/१०००च्या गोठलेल्या फोटोपेक्षा जिवंत वाटतो. हे माझं मत.

आता गुलाल. मिरवणुकीतल्या फोटोंत गुलालाचा नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो, उडणारी पूड दिसत नाही. नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम (फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठला उजळपणा किती ते दाखवणारा आलेख) ठीक असतो, चेतावणी लुकलुकत नाही, तरी लाल रंगाचा थर एकटाच भरून वाहिलेला असतो. प्लेबॅकमध्ये तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पडदा निवडा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर −२/३ किंवा −१ द्या. झेंडूच्या राशी, भगवे फेटे, पैठणीचे लाल काठ, सगळ्यांना हेच लागू.

मिरवणुकीत लेन्स बदलायची नाही, हे सांगायला नकोच. लेन्सच्या तोंडाशी यूव्ही फिल्टर लावा आणि झूम कमीत कमी फिरवा, कारण झूमची नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर पूड आत ओढते. घरी आल्यावर आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. ओल्या कापडाने सुरुवात केली की गुलालाचा लगदा होऊन बटणांच्या फटींत बसतो. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

नवखा_पुणेकर

पडघम, लाल हिस्टोग्रामचं कुठेच वाचलं नव्हतं. आता लेन्सचा प्रश्न विचारतोच, रागावू नका. ५० मिमी एफ/१.८ स्वस्तात मिळतेय, जुनी. निकॉनची प्राथमिक बॉडी आहे.

उजेड

घ्यायला हरकत नाही, पण आधी लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा. निकॉनच्या ३०००च्या आणि ५०००च्या मालिकेतल्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. जुनी 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्स बसते, फोटोही येतो, फोकस मात्र हाताने फिरवावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या. जुन्या बाजारात 'एएफ-डी' स्वस्त दिसते ती बऱ्याचदा याचमुळे.

दुसरं म्हणजे, एपीएस-सीवर ५० मिमी ही फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवरच्या ७५सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. पुण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकूनही दोन माणसं चौकटीत मावणं कठीण. घरासाठी ३५ मिमी एफ/१.८ बरी.

आणि १.८ म्हणजे नेमकं काय मिळतं ते आकड्यांत: ५० मिमी, माणूस दोन मीटरवर, एफ/१.८ला रेखीव भाग साधारण ११-१२ सेंटीमीटर खोल. एफ/५.६ला सुमारे ३६. म्हणजे १.८ला जवळचा डोळा धरलात तर खांद्याचा मागचा भाग जाणारच, आणि दोघं मागेपुढे उभे असतील तर एकाचा बळी. जोडप्याचा फोटो एफ/४ला. तीन रांगांचा कौटुंबिक फोटो एफ/८ला, फोकस पहिल्या रांगेच्या थोडा मागे.

खटका

आधी सध्याच्या लेन्सचे हजार फोटो तपासा. संगणकावर फोकल लेंग्थप्रमाणे गाळणी लावता येते. बहुतेक फोटो १८ला असतील तर ५० घेऊन काय करणार? आणि रॉसाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट. रॉथेरपी नवख्याला लवकर हाताळता येतं.

किनारा

कोकण, मुंबई, गोवा इथल्या लोकांसाठी वेगळं सांगायला हवं. इथे लेन्स पडून फुटण्याआधी बुरशीने जाते.

हवेत ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता सतत राहिली की काचेवर बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर इथे ती ८०च्या वर असते. तपासायची रीत अशी: लेन्स बॉडीवरून काढा, मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी मारा, पुढून तिरकं पाहा. धुळीचे ठिपके दिसले तर दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू कडेकडून आत येताना दिसले तर ती बुरशी. उन्हात ठेवून ती मरेलही, पण काचेच्या लेपावर उमटलेला ओरखडा जात नाही. जुनी लेन्स घेताना हे दुकानातच करा, आणि दुकानदार 'फक्त धूळ आहे' म्हणाला तरी तंतू दिसले तर परत द्या.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) महाग वाटत असेल तर रबरी कडेचा हवाबंद धान्याचा डबा, दहा लिटरचा. त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५०मध्ये ठेवायचा. ३०च्या खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. कॅमेऱ्याची बॅग किंवा चामड्याचं कव्हर डब्यात घालू नका, तेच ओल धरून असतं.

सावली

सहमत. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषली की हिरवं होतं. निळं असतं त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. ते विषारी, स्वयंपाकघरात आणू नका. नारिंगी जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. ओव्हन नसेल तर जेलसाठीच वेगळी ठेवलेली जुनी कढई, मंद आच, अधूनमधून हलवत. मोठ्या आचेवर खडे काळे पडतात आणि मग शोषत नाहीत. डब्यात घालण्याआधी पूर्ण गार होऊ द्या.

नवखा_पुणेकर

शेवटचं. पुढच्या आठवड्यात गोव्याला जातोय, हॉटेलला एसी आहे. बाहेर पडल्यावर लेन्सवर धुकं येतं म्हणतात.

किनारा

येणारच. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरतं. बाहेरून पुसता येतं, आतल्या काचांवर धरलं तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही, आणि तिथेच पुढे बुरशी सुरू होते. रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत उघडा ठेवू नका, बॅगेत घालून चेन लावून ठेवा. सकाळी बॅग बंदच ठेवून बाल्कनीत किंवा बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास उघडू नका. बॅग विरळ असेल तर कॅमेरा आधी झिपलॉक पिशवीत घाला, पाणी मग पिशवीवर धरेल. घाईत धुकं आलंच तर लेन्स काढू नका, सेन्सरवरही धरेल.

संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर आधी बाहेरून ओलसर, पिळून काढलेल्या कापडाने बॉडी पुसा. मीठ वाळलं की चकत्या करकरायला लागतात. काच मात्र आधी ब्लोअर मारूनच पुसायची, वाळूचा एक कण पुरतो. बॅग बंद करण्याआधी बॅटरी आणि कार्ड बाहेर काढून घ्या, म्हणजे कॅमेरा सकाळपर्यंत उघडावा लागणार नाही आणि फोटो रात्रीच उतरवता येतील. कार्ड संगणकावरून रिकामं करू नका. दोन ठिकाणी प्रत झाली की सकाळी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.